बुचात मोजलेली वाइन : सीमाभागातल्या मंडळांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागात व्याख्यानमाला, महिला मेळावे आणि आरोग्य शिबिरे भरवणाऱ्या सर्व मराठी मंडळांचे कार्यकर्ते,

स. न. वि. वि.

बेळगावच्या शहापुरात माझं औषधांचं छोटं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, नवऱ्यानं वाढवलं आणि गेली 31 वर्षं काउंटरमागे मी उभी आहे. तुमच्यातल्या पुष्कळांना मी ओळखते. गणपतीची वर्गणी न्यायला तुम्हीच येता आणि पावती फाडता फाडता ॲसिडिटीची गोळीही घेऊन जाता. त्यामुळे हे पत्र जरा हक्कानं लिहिलंय, राग मानू नये. मानलाच तर दुकानात येऊन भांडावं.

पत्राला निमित्त झालं एका बुचाचं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर ते प्लॅस्टिकचं पारदर्शक बूच असतं ना, आतून रेघा असलेलं, 10 मिलिलिटरचं, तेच.

वडगावच्या एक मावशी माझ्याकडे औषध न्यायला येतात. वय सत्तरीकडे झुकलेलं. जन्म गेला मागाच्या कांड्या भरण्यात, आता मुलाचा संसार बघतात. अडीच वर्षांपूर्वी त्यांच्या छातीतली गाठ काढली. पुढचे उपचार झाले आणि मग कॅन्सर परत उठू नये म्हणून रोज एक टॅमॉक्सिफेनची गोळी सुरू झाली, पाच वर्षांसाठी. महिन्याला दहाच्या तीन पट्ट्या. पहिल्या आठवड्यात मावशी येणार, पट्ट्या उलटून तारीख बघणार (वाचता येत नाही, तरी बघणार), पदरात गुंडाळणार आणि जाणार. अशा गिऱ्हाइकांची मी वही ठेवते. गेल्या पावसाळ्यात वहीत त्यांच्या नावापुढची एका महिन्याची जागा कोरी राहिली. आल्या त्या थेट पुढच्या महिन्यात. तीस गोळ्या जवळपास दोन महिने पुरल्या होत्या.

विचारलं तर म्हणाल्या, "आता दिवसाआड घेतो की ओ वैनी. दुसरं औषध चालू हाय न्हवं."

"कसलं दुसरं?"

मावशींनी मागं वळून बघितलं. दुकानात कोणी नव्हतं. "ते तांबडं. पुतण्या गोव्यास्नं आणतोय. मंडळाच्या भाषणात सांगितलेत की, त्यानं क्यान्सरच्या गाठी विरघळतात म्हणून. जास्त न्हाई ओ, दोन बुचं. रात्री जेवल्यावर माळ काढून ठेवतो, मग घेतो. चूळ भरतो आणि परत घालतो."

तुळशीची माळ. पन्नास वर्षं गळ्यात असलेली, ऑपरेशनच्या टेबलावर काढायला लावली तेव्हा रडल्या होत्या ती. रोज रात्री देव्हाऱ्यातल्या डबीत ती ठेवायची, दोन बुचं रेड वाइन औषधासारखी मोजून प्यायची आणि पांडुरंगाची माफी मागायची, असं चार महिने चाललेलं. वाइनपेक्षा मला ती डबी जास्त टोचली, खरं सांगते.

भाषण कोणत्या मंडळात झालं, वक्ते कोण होते, हे इथे लिहिणार नाही. मी स्वतः ते ऐकलेलंही नाही. वक्ते कदाचित तोलूनमापून बोलले असतील आणि मावशींच्या कानापर्यंत येता येता त्याचं भलतंच झालं असेल. पण त्यानंतर मी काउंटरवर सहज विचारत राहिले, तर अनगोळपासून कंग्राळीपर्यंत हीच गोष्ट वेगवेगळ्या तोंडून ऐकली. कोणाला भाषणातून कळलेली, कोणाला फोनवर आलेल्या चित्रातून, कोणाला गोव्यात नोकरीला असलेल्या मुलाकडून. म्हणून तुम्हाला सगळ्यांनाच लिहिते.

आधी वक्त्यांची बाजू, कारण तीत खरं पुष्कळ आहे.

द्राक्षाच्या सालीत रेझवेराट्रॉल नावाचं द्रव्य असतं. अथणीकडच्या बागायतदारांना भुरी, दावण्या आणि करपा म्हणजे काय हे मी सांगायला नको. पानावर डाग दिसला की पंप पाठीवर चढतो. वेलीला पंप नाही, म्हणून बुरशी चढली, जखम झाली, ऊन फार लागलं की ती स्वतःच्या अंगातच असली द्रव्यं तयार करते. रेझवेराट्रॉल त्यातलंच, वेलीची घरची फवारणी म्हणा. तांबडी वाइन करताना रस सालीसकट आंबवतात, म्हणून ते द्रव्य रसात उतरतं. पांढऱ्या वाइनला साल आधीच बाजूला काढतात, त्यामुळे तिच्यात ते नावापुरतंच असतं.

मजा म्हणजे या द्रव्याचा शोध द्राक्षात लागलाच नाही. 1939 च्या सुमारास जपानच्या मिचिओ ताकाओका यांनी ते व्हेराट्रम नावाच्या एका विषारी झाडाच्या मुळांतून वेगळं काढलं आणि नावही तिथूनच आलं. पुढं पन्नास वर्षं त्याची कोणी फारशी विचारपूस केली नाही. मग 1991 मध्ये अमेरिकेतल्या एका लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात प्रश्न निघाला की फ्रेंच लोक लोणी आणि चीज एवढं खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी का? उत्तर म्हणून रेड वाइनचा पेला दाखवला गेला आणि तिकडे वाइनचा खप झपाट्यानं वाढला. पुढच्याच वर्षी वाइनमध्ये रेझवेराट्रॉल सापडलं. गोष्टीला नायक मिळाला.

कॅन्सरचा धागा जुळला 1997 मध्ये. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन पेझुटो यांच्या गटाचा निबंध 'सायन्स' या नियतकालिकात आला. उंदरांच्या कातडीला कॅन्सर करणारी रसायनं लावायची आणि सोबत रेझवेराट्रॉलही लावायचं, असा तो प्रयोग होता. ज्यांना द्रव्य लावलं त्या उंदरांत गाठी कमी उठल्या. सगळ्यात मोठ्या मात्रेला तर दर उंदरामागच्या गाठी 98 टक्क्यांपर्यंत कमी झाल्या. कॅन्सर सुरू होणं, वाढणं आणि पसरणं, तिन्ही पायऱ्यांवर ते अडथळा आणतं असं त्या गटानं दाखवलं. खोटं काही नव्हतं. चांगलं, मेहनतीचं काम होतं. त्यानंतर काचेच्या थाळीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर शेकडो प्रयोग झाले आणि पुष्कळ ठिकाणी पेशी मेल्याही. वक्त्यांनी हे सांगितलं असेल तर बरोबरच सांगितलं.

पण मी दुकानदार आहे. माझ्या धंद्यात नावापुढचा आकडा बघितल्याशिवाय बाटली खाली उतरत नाही. लहान पोराचं तापाचं औषध मागायला बाप आला तर पहिला प्रश्न 'वजन किती?' हाच. तुमच्या व्याख्यानाच्या पत्रिकेत द्रव्याचं नाव असतं, देशाचं नाव असतं, विद्यापीठाचं असतं. मात्रा मात्र कुठेच नसते. या पत्रात मला मागायचं आहे ते तेवढंच.

बिलाच्या पाठीमागे मी मावशींना जो हिशेब करून दाखवला, तोच इथे मांडते. सगळ्या वाइन सारख्या नसतात, पण तांबड्या वाइनच्या एका लिटरमध्ये सरासरी 2 मिलिग्रॅमच्या आसपास रेझवेराट्रॉल धरलं तर फारसं चुकत नाही. माणसांवरच्या चाचण्यांत रोज अर्धा ग्रॅम, एक ग्रॅम, कधी पाच ग्रॅमही दिलं गेलं. एक ग्रॅम वाइनमधून मिळवायचं तर 500 लिटर लागेल, म्हणजे साडेसहाशेच्या वर बाटल्या, रोज. मावशींच्या दोन बुचांत, 20 मिलिलिटरमध्ये, किती? 0.04 मिलिग्रॅम. आकडा ऐकून मावशी म्हणाल्या, "म्हणजे मीठ चाखल्यागत." मी म्हटलं, मिठाचा एक खडासुद्धा याहून जड असेल.

आता त्याच पेल्यात दुसरं काय आहे ते बघा. 150 मिलिलिटरच्या एका ग्लासात, 13 टक्क्यांची वाइन धरली तर, सुमारे 15 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आणि 0.3 मिलिग्रॅम रेझवेराट्रॉल. द्रव्याच्या एका भागामागे अल्कोहोलचे 50,000 भाग. पोतंभर खड्यांत तांदळाचा एक दाणा आहे म्हणून ते पोतं तांदळाच्या भावानं कोणी घेईल का?

आणि तो दाणाही पोटात टिकत नाही. 2004 मध्ये काही निरोगी माणसांना 25 मिलिग्रॅम रेझवेराट्रॉल तोंडावाटे देऊन तपासलं. आतड्यातून ते शोषलं गेलं, बऱ्यापैकी. पण यकृत आणि आतडं मिळून त्याचं लगेच रूपांतर करून टाकतात, आणि मूळ रूपात रक्तात उरलं ते दर मिलिलिटरला 5 नॅनोग्रॅमहूनही कमी (नॅनोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा दहा लाखावा भाग). काचेच्या थाळीत पेशींवर जेवढं ओतलं जातं, त्याच्या जवळपाससुद्धा ते जात नाही. थाळीला यकृत नसतं, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्म्या बातम्या वाचायची गरज उरत नाही.

इटलीतल्या कियांती भागाची गोष्ट तुमच्या एखाद्या वक्त्यानं कधी सांगितली का? वाइनचंच गाव म्हणावं असा तो मुलूख. तिथल्या 65 वर्षं आणि त्यापुढच्या 783 लोकांच्या 24 तासांच्या लघवीत रेझवेराट्रॉलचे अंश मोजले आणि मग नऊ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. त्या काळात 268 जण गेले. ज्यांच्या लघवीत द्रव्य जास्त होतं ते जास्त जगले का? नाही. त्यांना कॅन्सर कमी झाला का? तोही नाही. हृदयविकारही नाही. 2014 मध्ये हे छापून आलं, पण त्याची चित्रं करून कोणी फोनवर फिरवली नाहीत.

एक जण मला म्हणाला, "मग गोळ्या घेऊ की, वाइन कशाला?" त्याही येतात बाजारात, महागड्या डब्यांत. 2008 मध्ये ग्लॅक्सो कंपनीनं 72 कोटी डॉलर मोजून या द्रव्यावर काम करणारी एक छोटी कंपनी विकत घेतली होती. मल्टिपल मायलोमा नावाच्या रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णांना रोज 5 ग्रॅम देऊन चाचणी सुरू झाली. काही रुग्णांची मूत्रपिंडं निकामी व्हायला लागली आणि 2010 मध्ये ती थांबवावी लागली. शिवाय या द्रव्याची बांधणी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी थोडी मिळतीजुळती आहे. ज्या बाईचा स्तनाचा कॅन्सर त्याच संप्रेरकावर पोसलेला होता, तिला अशा गोळ्या स्वतःच्या मनानं देणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली देऊन बघू काय होतंय म्हणण्यासारखं. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आणखी भानगड. माझ्या दुकानात ते डबे नाहीत आणि येणारही नाहीत.

2012 मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकट विद्यापीठानं आपल्याच एका संशोधकाच्या कामात 145 ठिकाणी आकडे आणि चित्रं बनावट असल्याचं जाहीर केलं. दीपक दास त्यांचं नाव, रेड वाइन आणि हृदयावरचं त्यांचं काम गाजलेलं. त्यामुळे सगळंच खोटं ठरत नाही. पण 'परदेशात सिद्ध झालंय' असं व्यासपीठावरून म्हणताना जीभ जरा अडखळायला हरकत नाही.

उलट बाजूचं सांगायचं राहिलं तर मीही तसलीच वक्ता ठरेन. इंग्लंडमध्ये लेस्टर विद्यापीठातल्या गटानं 2015 मध्ये एक वेगळीच गोष्ट दाखवली. आतड्यात गाठी होण्याचा वंशदोष असलेल्या उंदरांना चरबीचं खाणं देऊन रेझवेराट्रॉल दिलं, तर मोठ्या मात्रेपेक्षा छोट्या मात्रेनंच गाठी जास्त कमी झाल्या. छोटी म्हणजे माणसाच्या हिशेबानं 5 मिलिग्रॅम. हे वाचून मी दोन दिवस विचार करत होते, कारण 'जास्त म्हणजे चांगलं' हा माझाही भ्रम त्यात गेला. आता तिकडे आतड्यातल्या गाठी काढलेल्या माणसांवर चाचणी चालू आहे. त्यातून काही चांगलं निघालं तर आनंदच आहे. फक्त एक बघा, ते लोक शुद्ध द्रव्याची गोळी देतात, मोजून. वाइन देत नाहीत. ज्यांनी आयुष्य या द्रव्यावर घालवलं, त्यांनाही बाटली नकोय.

का नकोय ते उघड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 1988 मध्येच मद्याला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कॅन्सर करतं हे पक्कं. तंबाखू ज्या रांगेत आहे तीच रांग. बिअर, फेणी, वाइन, देशी, असा भेद त्यात नाही. अल्कोहोलचं पोटात ॲसिटाल्डिहाइड होतं आणि ते पेशीतल्या डीएनएला चिकटून त्याची मोडतोड करतं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि बायकांचा स्तन, इतक्या जागी त्याचा संबंध दाखवलेला आहे. स्तनाच्या बाबतीत तर रोजच्या 10 ग्रॅमनंही, म्हणजे एका लहान ग्लासानंही, धोका 7 ते 10 टक्क्यांनी वाढतो. 2020 या एका वर्षात जगभरात मद्यामुळे झालेले कॅन्सर सुमारे 7,41,000 असा अंदाज आहे. आणि जानेवारी 2023 मध्ये त्याच संघटनेनं स्पष्ट सांगितलं की निर्धोक म्हणावी अशी मद्याची मात्राच नाही.

मावशींच्या दोन बुचांनी असं काय आभाळ कोसळलं असतं? काही नाही, हे मी त्यांनाही सांगितलं. त्यात अल्कोहोल दोन ग्रॅमच्या आसपास. मला धास्ती बसली ती गोळीची. त्यांच्यासारख्या, म्हणजे इस्ट्रोजेनवर पोसलेल्या, कॅन्सरमध्ये टॅमॉक्सिफेन पाच वर्षं घेतलं तर पुढच्या 15 वर्षांत त्या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात. हजारो बायकांवर, वर्षानुवर्षं बघून काढलेला हिशेब आहे तो. अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं झोप मोडते, म्हणून ती गोळी नकोशी होते, हेही खरं. अशा वेळी कोणी दुसरं, चवीचं आणि बिनत्रासाचं औषध दाखवलं की माणूस तिकडे वळणारच. भाषणानं मावशींच्या हातात पेला दिला, त्याहून वाईट म्हणजे हातातली गोळी सैल केली.

तुम्ही म्हणाल, वनस्पतीतल्या द्रव्यांना या बाई उगाच नावं ठेवतात. अजिबात नाही! तुमच्या-माझ्या अंगणात सदाफुली आहे. तिच्यापासून व्हिंक्रिस्टीन निघतं आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही लागतं. आपल्या घाटातल्या जंगलात नरक्या नावाचं झाड आहे. फुलांना घाण वास, म्हणून ते नाव. 1972 मध्ये त्यात कॅम्प्टोथेसिन सापडलं. हे मूळ द्रव्य अमेरिकेत माणसांना दिलं तेव्हा ते इतकं जहाल निघालं की काम सोडून द्यावं लागलं. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्याची घडण बदलली आणि 1996 पर्यंत टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही दोन औषधं बाजारात आली. आतड्याच्या कॅन्सरच्या कागदावर इरिनोटेकॅन हे नाव मी कितीदा वाचलंय. त्याच नरक्याची आपल्या घाटातून पोती भरून चोरटी तोड झाली, हे दुखणं वेगळं.

तर झाडात ताकद आहेच. पण सदाफुलीच्या शेकडो किलो पानांतून ग्रॅमभर औषध निघतं, ते शिरेतून, डॉक्टरांच्या नजरेखाली, मिलिग्रॅमच्या हिशेबात जातं. चुकून पाठीच्या कण्यात टोचलं गेलं तर माणूस मरतो. आणि आपल्याकडे शुगरवर म्हणून लोक सदाफुलीची पानं सकाळी उठून चावतात! त्यांचं काय करावं हे मला अजून कळलेलं नाही.

बरं, रेझवेराट्रॉलच हवं असेल कोणाला, तर ते भुईमुगात आहे. वाटीभर उकडलेल्या शेंगदाण्यांत साधारण एका ग्लास वाइनइतकं. पावसाळा संपता संपता ओल्या शेंगा बाजारात येतात, मीठ घालून उकडायच्या, एवढंच. त्यानं कॅन्सर टळतो असं मी म्हणत नाही, कृपया मंडळाच्या फलकावर तसं लिहू नका. कोणी पेल्याचं कौतुक सांगितलं तर शेंगा पुढं करा, इतकंच. मात्र बुरशी धरलेले, काळपट दाणे घेऊ नका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष यकृताचा कॅन्सर करतं, आणि तिथे मात्र थोडंही पुरतं.

आता आपल्या मुलखाचं. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

फ्रान्समधल्या माणसाला वाइनची गोष्ट सांगणं वेगळं आणि निपाणीच्या माणसाला सांगणं वेगळं. आपला हा पट्टा तंबाखूचा. निपाणीच्या वखारींत तंबाखू चाळून चाळून बायकांच्या पिढ्या गेल्या. 1981 चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन आठवणारे तुमच्यात असतील. तंबाखूवर इथली घरं उभी आहेत, पोरं शिकली आहेत, मला ते माहीत आहे. पण त्याच घरांत सकाळी मशेरी लागते, दुपारी चुना मळला जातो, संध्याकाळी बिडी पेटते. अशा तोंडावर दारू पडली की काय होतं? अल्कोहोल तोंडातलं नाजूक अस्तर सैल करतं आणि तंबाखूतलं विष आत झिरपायला वाट मिळते. दोघांचा धोका बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतो. 'थोडी वाइन तब्येतीला बरी' हे वाक्य ज्या सभागृहात म्हटलं जातं, तिथे निम्म्या पुरुषांच्या ओठाखाली चिमूट असते. वक्त्याला दिसत नसेल, तुम्हाला दिसते.

आणखी एक अडचण सीमाभागाचीच. मावशींना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. दवाखान्यातले फलक कन्नडमध्ये, घरी जातानाचा कागद इंग्रजीत. कॅन्सरबद्दल मराठीत, समोर बसून, शंका विचारता येईल असं त्यांना कोणी काही सांगितलं असेल तर ते तुमच्या मंडळानं. कडोली, उचगाव, येळ्ळूरला एवढ्याशा गावांत तुम्ही साहित्य संमेलनं भरवता, लोक मांडव भरून बसतात, कारण तिथे आपली भाषा कानावर पडते. त्या मांडवातून गेलेलं वाक्य माणूस सहजी टाकून देत नाही. पुतण्यानं सांगितलं असतं तर मावशींनी माळ काढली नसती.

द्राक्ष बागायतदारांशी माझं वैर नाही. 2007 मध्ये कर्नाटक सरकारनं वाइनचं धोरण आणलं, 2022 मध्ये पलीकडे महाराष्ट्रात सुपरमार्केट आणि मोठ्या दुकानांत वाइन ठेवायची की नाही यावर रण पेटलं, तेव्हाही दोन्हीकडून शेतकऱ्याचंच नाव पुढे होतं. वाइन पिणाऱ्यांनी प्यावी, सरकारनं विकावी, तो ज्याचा त्याचा प्रश्न. माझं म्हणणं एवढंच की ती औषध म्हणून विकू नका. आपल्या भागातली बरीचशी द्राक्षं बेदाणा होऊन जातात आणि बेदाणा खायला माळ काढावी लागत नाही.

म्हणून मागणं असं. व्याख्यान ठरवताना वक्त्याला आधीच कळवा की कुठल्याही पाल्याचं, फळाचं, द्रव्याचं नाव घेतलंत तर तीन गोष्टी सांगाव्या लागतील : प्रयोग कोणावर झाला, थाळीवर, उंदरावर की माणसावर; मात्रा किती होती; आणि ती आपल्या जेवणात किती येते. ज्याला सांगता येणार नाही त्याला शाल-श्रीफळ द्या, पण विषय बदलून मागा. शेवटी दहा मिनिटं प्रश्नांना ठेवा, आणि बायकांना आधी बोलू द्या. आणि कोणतंही चालू औषध डॉक्टरांना न विचारता कमी करू नका, हे वाक्य सूत्रसंचालकानं आभारप्रदर्शनाच्या आधी म्हणावं. आभार सुरू झाले की लोक उठतात.

शिबिरात रक्तदाब आणि शुगर बघता, त्यात एक बॅटरी आणि एक आरसा वाढवा. तोंड उघडायला सांगायचं. तीन बोटं उभी आत जातात का? गालाच्या आत, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड? असेल तर दवाखान्यात पाठवायचं, सोबत कोणीतरी जायचं. माणशी दोन मिनिटं लागतात. दंतवैद्य तुमच्या प्रत्येक मंडळात एक तरी आहेच.

मावशींची गोळी आता रोज चालू आहे. घामाचा त्रास डॉक्टरांच्या कानावर घाला म्हटलं, त्यांनी घातला, त्यावर काहीतरी दिलंय. वहीतली जागा गेले तीन महिने वेळेवर भरते. उरलेली वाइन त्यांनी मोरीत ओतली. पुतण्यानं कणकुंबीच्या नाक्यावरून जिवाचा धडा करून आणलेली ती, म्हणून तो दोन दिवस फुगला होता म्हणे. रिकामी बाटली आणि ते बूच त्यांनी मला आणून दिलंय. बुचात तळाशी तांबडी रेघ अजून आहे, घासली तरी जात नाही.

ज्या मंडळाला हिशेब लोकांसमोर करून दाखवायचा असेल, त्यांच्याकडे मी बाटली आणि बूच घेऊन येईन. मानधन नको. रविवारी दुपारनंतर दुकान बंद असतं, तेव्हाची वेळ धरावी. खानापूरच्या पुढे जायचं असेल तर परतीची शेवटची बस किती वाजता ते आधी बघून ठेवा.

कळावे,
आपली,
शहापुरातली औषधवाली वैनी

ता. क. गणपतीच्या वर्गणीचा आणि या पत्राचा संबंध लावू नये. ती दरवर्षीइतकीच मिळेल.